पाठीवर बसवलेली आठवण

मित्रांनो, मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे. किराणा दुकानाच्या गल्ल्यावर असतो तसला नव्हे. माझा पडदा रुंद आहे, बटणं भरपूर आहेत, आणि मला आकडे दिले की मी त्यांची रेघ काढून दाखवतो. रेघ चढते आहे की घसरते आहे, हे माणसाला एका नजरेत कळावं म्हणून मला घडवलं. सध्या माझा मुक्काम चाकणजवळच्या एका स्प्रिंगच्या कारखान्यात, देव्हाऱ्याखालच्या फळीवर आहे. शेजारी उदबत्तीचा पुडा, काडेपेटी आणि बंद पडलेलं एक घड्याळ. देवाच्या पायाशी जागा मिळाली म्हणून तुम्ही मला नशीबवान म्हणाल. म्हणा बापडे. पण आधी माझी हकीकत ऐका.

माझ्या जन्माचं फारसं कौतुक मला नाही. परदेशातल्या एका कारखान्यात माझी हजारो भावंडं पट्ट्यावरून सरकत होती, त्यातलाच मी एक. तिथल्या एका इंजिनिअरनं मला विकत घेतलं आणि बॅगेत घालून चाकणला आणलं. इथल्या एका मोठ्या कंपनीत तो नवी मशिनं उभी करायला आला होता. माझ्याशी तो बरा वागला. काम संपल्यावर मात्र टेबल आवरताना त्यानं मला नको असलेल्या वायरींच्या खोक्यात टाकलं आणि विमान पकडलं. खोकं भंगारात गेलं. कुदळवाडीच्या एका शेडमध्ये फुटक्या की-बोर्डांच्या ढिगाखाली मी पडून राहिलो. बॅटऱ्या पोटातच फुटल्या आणि त्यांचं पाणी झिरपून माझी पाठ गंजली.

तिथून मला उचललं शेखरनं. काळेवाडीत त्याचं मोबाईल दुरुस्तीचं टपरीवजा दुकान आहे. जुन्या वस्तूंतून चालण्यासारखं काही मिळालं की तो घेऊन येतो. त्यानं माझा गंज घासला, नव्या बॅटऱ्या घातल्या आणि मला काचेच्या कपाटात मांडलं. येणारी गिऱ्हाइकं माझ्याकडे बघून विचारायची, ‘यात गेम आहे का?’ नाही म्हटलं की त्यांचा माझ्यातला रस संपायचा.

एका गुरुवारी, म्हणजे एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, तनुजा मोबाईल दुरुस्त करायला आली. लातूरकडची मुलगी. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून इकडे आलेली, काळेवाडीत दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या खोलीत राहणारी. काचेतून तिनं मला पाहिलं आणि मोबाईलचं विसरूनच गेली.

“दादा, हे रेघ काढणारं हाय ना? चालतंय का?”

“चालतंय, पण तुला कशाला? मोबाईलमध्ये सगळं येतं की आता.”

“मोबाईल गेटवर काढून घेतेत ओ. आमच्या स्प्रिंगा ज्या कंपनीत जातेत, तिथं लॅपटॉपसुद्धा आत नेऊ देत नाहीत. कॅल्क्युलेटरला कोण अडवतंय?”

तर असा मी तनुजाचा झालो. ती अर्जुनरावांच्या कारखान्यात कॉन्ट्रॅक्टवर होती. अर्जुनराव चाकणच्या जुन्या घराण्यातले. स्वतःच्या जागेवर त्यांनी पत्र्याची शेड उभारली आणि स्प्रिंगा वळायचं मशीन घातलं. कामगार त्यांना आबा म्हणतात. माणूस दिलदार, पण बोलायला लागला की समोरच्यानं ऐकायचंच.

स्प्रिंगचं काम वाटतं तितकं सोपं नाही, मित्रांनो. तार वळवून स्प्रिंग केली की मशीनमधून सुटताच ती जराशी उघडते. मग भट्टीतून काढली की पुन्हा थोडी आखडते. किती उघडेल आणि किती आखडेल, हे तारेच्या प्रत्येक बंडलाचं निराळं. नवं बंडल लावलं की सेटिंग जमेपर्यंत पोतंभर माल वाया जायचा. तनुजा प्रत्येक बंडलातल्या थोड्या स्प्रिंगा दाबून बघायची, किती जोर लागतो ते मला सांगायची, आणि मी रेघ काढायचो. पुढचं सेटिंग कसं ठेवायचं ते त्या रेघेवरून तिला कळायचं. आमची जोडी चांगली जमली.

अडचण एकच होती, माझी स्मरणशक्ती. माझ्या पोटात जागा इतकी थोडी की काही रेघा ठेवल्या की मी भरून जायचो. नवी ठेवायची तर जुनी पुसायची. पुसायचं बटण दाबताना तनुजाचा चेहरा उतरायचा. एखाद्या जुन्या बंडलासारखीच तार पुन्हा आली की ती हळहळायची, कारण ती रेघ तिनेच गेल्या महिन्यात पुसलेली असायची. मला स्वतःची लाज वाटायची. एवढा रुंद पडदा आणि एवढं तोकडं डोकं!

शेवटी तिनं शेखरला गळ घातली. तो म्हणाला, “ताई, याच्या केबलच्या भोकातून बाहेरची मेमरी जोडता येईल. पण माझी गॅरंटी नाही. हा गेला तर मला बोलायचं नाही.”

“नाही बोलणार. पण तुम्ही जपून करा.”

पुण्यात तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन तिनं स्वतः मेमरीच्या चिप आणल्या. काळ्या, मुंगळ्यासारखे पाय असलेल्या. पुढच्या गुरुवारी शेखरच्या दुकानात दोघं मला उलटं पाडून बसले. शेखरनं छोट्या पट्टीवर चिप ओळीनं बसवल्या, पायांना कथिल लावलं, केसासारख्या बारीक तारा माझ्या केबलच्या भोकापर्यंत नेल्या. चिपना सदा ताकद मिळावी म्हणून एक तार बॅटरीला जोडली. पहिल्यांदा तारा उलट्या लागल्या आणि माझा पडदा काळाठिक्कर पडला. तनुजाच्या तोंडचं पाणी पळालं. शेखरनं शांतपणे तार सोडवली, पुन्हा लावली, आणि मी उजळलो. मग तिनं दुपारभर बसून माझ्यासाठी प्रोग्राम लिहिला. एक बटण दाबलं की रेघ पाठीवरच्या चिपमध्ये जायची आणि दुसरं दाबलं की परत पडद्यावर यायची.

एका खोलीत दाटीवाटीनं राहणाऱ्या बिऱ्हाडाला वरचा मजला मिळाला तर कसं होईल, तसं मला झालं. कितीही रेघा द्या, मी ‘भरलो’ म्हणत नव्हतो. फक्त माझं मूळचं झाकण आता बसत नव्हतं. तनुजानं तिच्या डब्याचं जुनं प्लॅस्टिकचं झाकण कापून माझ्या पाठीवर बसवलं आणि वरून रबर लावलं. त्या झाकणाला लोणच्याचा वास होता, तो मला आवडायचा.

त्यानंतरचे दिवस माझे वैभवाचे. माल वाया जायचा थांबला. आमच्या स्प्रिंगा घेणाऱ्या मोठ्या कंपनीच्या गेटमधून तनुजा मला हातात घेऊन दिमाखात आत जायची आणि तिथल्या साहेबांना हवी ती रेघ काढून दाखवायची. कारखान्यात कोणी पाहुणा आला की आबा मला उचलून धरायचे. “हे बघा आमचं मशीन. एवढंसं दिसतंय, पण आमच्या सगळ्या स्प्रिंगा याच्या डोक्यात हाईत.” पाहुणे माझ्याकडे वाकून बघायचे. मला हातात धरून उभ्या असलेल्या तनुजाकडे कोणी बघायचं नाही. मला फुगून जायला काहीच हरकत नव्हती. पण मला खरं माहीत होतं. आठवण तिची होती, माझी फक्त पाठ होती.

तिच्याकडे बघणारं तिथं एकच माणूस होतं. आबांच्या पत्नी मंजुळाबाई. माहेर राजगुरुनगरचं, स्वभाव मायाळू. दुपारी त्या कामगारांसाठी कालवण घेऊन शेडमध्ये यायच्या आणि तनुजाला आपल्या शेजारी बसवून घ्यायच्या. गरम भाकरी तिच्या ताटात आधी पडायची. तनुजा त्यांना काकू म्हणायची आणि मनातलं सगळं सांगायची. धाकटी बहीण दिव्या बारावी झाली होती. तिला इकडे आणून पॉलिटेक्निकला घालायचं, हा तनुजाचा ध्यास. पण कॉन्ट्रॅक्टवरच्या नोकरीचा भरवसा नाही, म्हणून घरचे पाठवत नव्हते. पर्मनंट झाली तर दिव्या येणार होती. आबांनी शब्द दिला होता, की दसऱ्यानंतर मोठी कंपनी आपल्या मालाचं ऑडिट करणार आहे, ते पार पडून मोठी ऑर्डर मिळाली की तुला कायम करतो आणि क्वालिटीचं सगळं तुझ्याकडे देतो.

“दिव्याला आमच्या वरच्या खोलीत ठिव,” मंजुळाबाई म्हणायच्या. “दोघी बहिणी ऱ्हावा. मला बी सोबत व्हईल.”

एकदा त्यांनी मला हातात घेतलं आणि विचारलं, “एवढं समदं ह्यात मावतंय कुठं गं?”

तनुजानं रबर काढलं, झाकण उघडलं आणि त्यांना चिपची पट्टी दाखवली. “हे बघा काकू. माझी सगळी मेहनत इथं हाय.”

“मंजी हा मेंदू व्हय?”

“हाव काकू. हाच मेंदू.”

तेवढ्यात आबा तिथून चालले होते. ते हसून म्हणाले, “अगं तनुजा, तिला कशाला दाखवतीस? तिला काय कळतंय त्यातलं!” आजूबाजूचे कामगार हसले. मंजुळाबाईही हसल्या. हे वाक्य त्या घरात मिठासारखं रोज वापरात होतं. पण आबा गेल्यावर त्या झाकणाकडे पुन्हा एकदा नीट बघून म्हणाल्या, “कळतंय की मला.”

आता गणराजबद्दल सांगतो. आबांचा मुलगा, पुण्यातून मॅनेजमेंट शिकून आलेला. त्याला सगळ्यांनी ‘सर’ म्हणावं असा त्याचा आग्रह. माणूस वाईट नाही, पण त्याला कुठल्याही कामात स्वतः हात घालायचा कंटाळा. तनुजानं त्याला अनेकदा सांगितलं होतं, “सर, या चिपमधल्या रेघांची कॉपी तुमच्या कॉम्प्युटरवर घेऊन ठेवू. केबल माझ्याकडं हाय. चिपचं काही झालं तर?”

“तनुजा, प्लीज, आता बिलिंगचा लोड आहे. दसऱ्यानंतर बघू.”

दसऱ्यानंतर, दसऱ्यानंतर. त्या कारखान्यात प्रत्येक गोष्ट दसऱ्यानंतरच होणार होती.

त्याच सुमारास भोसरीच्या एका कारखान्यानं तनुजाला मुलाखतीला बोलावलं. ती गेली आणि नाही म्हणून आली. आबांनी शब्द दिलाय, असं तिनं त्यांना सांगितलं. पण एमआयडीसीत बातमी चहाच्या टपरीवरून पुढच्या गेटपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. गणराजच्या कानावर एवढंच आलं की तनुजा भोसरीला जाऊन आली. त्यानं तिला काही विचारलं नाही. मनात मात्र ठेवलं.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची पूजा असते, तुम्हाला माहीत आहेच. कारखान्यातली मशिनं धुऊन पुसून, झेंडूच्या माळा घालून सजवतात. पक्कड, पाना, व्हर्निअर, सगळं पाटावर मांडतात. तनुजा सणाला गावी निघाली होती. तिनं मला पर्समध्ये ठेवलं, तर आबा म्हणाले, “न्हाई न्हाई. ते हितंच राहू दे. हत्यार पूजेच्या दिवशी बाहेर जात न्हाई. आपल्या कारखान्याचं ते मोठं हत्यार हाय.”

तनुजा घुटमळली. मग तिनं मला मंजुळाबाईंच्या हातात दिलं. “काकू, पाणी तेवढं शिंपडू नका ह्याच्यावर.”

“न्हाई गं बाई. मी सोता बघते. तू जा निवांत.”

आणि त्यांनी खरंच स्वतः बघितलं, मित्रांनो. भटजींनी आंब्याच्या पानानं सगळ्या हत्यारांवर पाणी शिंपडलं, तेव्हा त्यांनी मला पदराखाली धरलं. एक थेंब माझ्यावर पडू दिला नाही. मग नारळ फुटला, आरती झाली, माणसं प्रसादाला पांगली. मंजुळाबाई मला घेऊन पाटापाशी बसल्या. त्यांनी माझ्या पडद्याला हळद लावली, कुंकू लावलं. मग त्या थांबल्या. वरवरचं गंध लावून काय उपयोग, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी रबर काढलं, झाकण उघडलं आणि माझी पाठ मोकळी केली. मेंदू कुठे आहे हे त्यांना माहीत होतं ना!

चिप गुळगुळीत. कोरडं कुंकू त्यांवर ठरेना. म्हणून त्यांनी वाटीतल्या नारळाच्या पाण्यात बोटं बुडवली, त्यात हळदकुंकू कालवलं आणि एकेका चिपला ओलं बोट टेकवलं. फार हळुवारपणे. शेवटी हात जोडून म्हणाल्या, “पोरीचं काम व्हऊ दे. तिची बहीण येऊ दे.” झाकण बसवलं, रबर लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं.

माझी पाठ तापली. चिपच्या पायांमधून ते पाणी खाली उतरलं आणि जिथं वीज जायला नको तिथं वीज गेली. एकेक रेघ विझत गेली. मला ओरडता आलं नाही. मला तोंडच दिलेलं नाही. त्या बोटांचा मला राग आला नाही तेव्हा, आणि त्या एका क्षणासाठी आजही नाही. तेवढ्या मायेनं मला कधी कोणी हात लावला नव्हता.

तनुजा सण करून परतली ती थेट ऑडिटच्या सकाळीच. मोठ्या कंपनीचे साहेब यायला थोडा अवकाश होता. तिनं मला सुरू केलं. पडदा उजळला, कारण माझं पोटातलं मूळचं यंत्र शाबूत होतं. तिनं रेघ मागवली. मी पाठीकडे हात पुढे केला, तिथून काहीच आलं नाही. तिनं पुन्हा बटण दाबलं, पुन्हा दाबलं. मग साहेब आले. वर्षभराच्या बंडलांच्या रेघा बघू म्हणाले. तनुजानं पुन्हा एकदा बटण दाबलं आणि कोरा पडदा त्यांच्यापुढे धरला. साहेब चांगलेच होते, त्यांनी चहा घेतला आणि पुढच्या वेळी बघू म्हणाले. मोठी ऑर्डर त्यांच्या गाडीत बसून निघून गेली.

गाडी फाटकाबाहेर पडताच गणराजनं तनुजाला केबिनमध्ये बोलावलं. आबा खुर्चीत डोकं धरून बसले होते. मी टेबलावर होतो.

“डेटा कुठेय?” गणराजनं विचारलं.

“सर, मला माहीत नाही. मी जाताना सगळं होतं.”

“भोसरीला होता का इंटरव्ह्यू? त्यांच्यासाठी घेऊन गेलीस आणि इथला पुसलास. सरळ सांग ना.”

“काय बोलायलेत सर तुम्ही? मी त्यांना नाही म्हणून आले!” तिनं मला उलटं केलं, रबर काढलं, झाकण उघडलं. चिपवर वाळलेल्या हळदकुंकवाची खपली धरली होती आणि पायांना हिरवट गंज चढू लागला होता. ती हळूच म्हणाली, “आबा, आत ओलं कुंकू गेलंय. त्यानं शॉर्ट झालंय हे.”

गणराज हसला. “वा! म्हणजे आता पूजेला दोष. आजोबांच्या काळापासून या घरात हत्यारांची पूजा होते. कुंकवानं कधी मशीन बंद पडलंय?”

आबांनाही ते लागलं. कपाळाला आठ्या घालून ते म्हणाले, “पोरी, बोलताना इचार कर. देवाधर्माचं हाय ते.”

त्याच वेळी मंजुळाबाई चहा घेऊन आत आल्या. आबांनी मला त्यांच्यासमोर धरलं. “अगं, पूजेच्या वक्ती तू ह्याचं झाकण उघडलं व्हतंस का?”

मंजुळाबाईंनी माझ्या पाठीकडे पाहिलं. आपल्या बोटांचे ठसे त्यांनी ओळखले. हे मी खात्रीनं सांगतो, कारण त्यांचा चेहरा तेव्हा पांढरा पडला. तनुजानं त्यांच्याकडे पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. आता काकू सांगतील, असं तिला वाटलं. मलाही वाटलं. एकच शब्द तर बोलायचा होता. व्हय.

“मी कशाला उघडू?” मंजुळाबाई म्हणाल्या. “मला काय कळतंय त्यातलं?”

कोणालाही शंका आली नाही. यायची कशी? घरातल्या प्रत्येकानं हेच तर त्यांना आयुष्यभर सांगितलं होतं. ज्या वाक्यानं त्यांना रोज खाली बसवलं, त्याच्याच आड त्या आज लपल्या.

“काकू,” तनुजा म्हणाली, “मीच तुम्हाला दाखवलं होतं ना... मेंदू म्हणाला होतात तुम्ही...”

मंजुळाबाई टेबलावरचे कप गोळा करू लागल्या. त्या कपांत अजून चहा भरलेला होता.

“बरं काकू,” तनुजा म्हणाली. तिनं मला टेबलावर ठेवलं. ते वाळलेलं कुंकू रुमालानं पुसायला तिनं हात पुढे केला, आणि मग तो मागे घेतला. पर्स उचलली आणि ती निघून गेली. फाटकाशी ती वळून बघेल असं मला वाटत होतं. तिनं बघितलं नाही.

पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल की आता न्याय होईल. मलाही तशी आशा होती. दिवाळीच्या आधी गणराज मला घेऊन काळेवाडीला गेला, कारण माझ्या बाजूला शेखरच्या दुकानाचा स्टिकर होता. चिपमधलं काही परत मिळतंय का, हे त्याला बघायचं होतं. शेखरनं भिंग लावून बघितलं आणि मला खाली ठेवलं.

“राव, हे कोणी पुसलेलं नाही. चिप जळाल्यात. ओलं कुंकू, त्यात नारळाचं पाणी असणार, वास अजून येतोय. तनुजाला कळवलंत का?”

“कळवतो,” गणराज म्हणाला.

घरी येऊन त्यानं मंजुळाबाईंना एका बाजूला घेतलं. “आई, झाकण तूच उघडलं होतंस ना?”

त्या रडायला लागल्या. गणराजनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. “असू दे, असू दे. मुद्दाम थोडंच केलंस? आता कोणाला बोलू नकोस. आबांना तर मुळीच नको, ते घर डोक्यावर घेतील. झालं ते झालं.”

किती प्रेमळ मुलगा, नाही का? आपल्या माणसाला त्यानं किती सांभाळून घेतलं! आईला सांभाळलं, बापाच्या रागाला सांभाळलं, घराचं नाव सांभाळलं. तनुजा घरातली नव्हती, तेवढीच तिची चूक. भोसरीच्या कारखान्याला त्यानं आधीच फोन करून सांगून ठेवलं होतं की त्या मुलीपासून जपून राहा. तो फोन परत फिरवायचं त्याच्या मनातही आलं नाही. मित्रांनो, मी यंत्र आहे, मला कडू-गोड कळत नाही असं म्हणतात. पण त्या दिवशी मला जे वाटलं ते कडूच होतं.

तेव्हापासून मी या फळीवर आहे. तुम्ही विचाराल, चिप जळाल्या, मग ही हकीकत तुला कशी आठवते? आकडे जळाले. माणसं जळत नाहीत.

मंजुळाबाई रोज सकाळी दिवा लावायला येतात आणि शेडमध्ये कोणी नसलं की माझ्याशी बोलतात. “मी भ्याले रे,” म्हणतात. “ह्यांच्यापुढं तोंडच उघडंना माझं. पोर किती आशेनं बघत व्हती माझ्याकडं.” मग पदरानं माझा पडदा पुसतात आणि घरी जाताना त्यांचं पाऊल थोडं हलकं पडतं. पहिल्यांदा मला त्यांची कीव आली. आता संताप येतो. जे बोलणं तनुजाच्या वाट्याचं होतं, ते त्या मला का देतात? मी ते ठेवू कुठे आणि पोचवू कसं?

परवा त्यांनी मोबाईल आणला होता. माझ्यासमोर उभं राहून तनुजाचा नंबर लावला. कानाला कमी ऐकू येतं म्हणून आवाज मोठा करून हातात धरला.

“हॅलो, कोण बोलतंय?” पलीकडून कोवळा आवाज आला.

“तनुजा हाय का?”

“ताई कामावर गेली. लातूरला कापडाच्या दुकानात जाती ती. घाईत फोन घरीच राहिला. मी दिव्या.”

मंजुळाबाईंनी फोन तोंडाजवळ नेला. “तू... तू काय करतीस गं दिव्या? कॉलेजला जातीस ना?”

“नाही ओ. घरीच हाय मी. काय निरोप देऊ ताईला?”

मी जीव मुठीत धरून ऐकत होतो. आता. आता तरी.

“काही न्हाई,” मंजुळाबाई म्हणाल्या. “दसऱ्याचं सोनं द्यायचं राह्यलं व्हतं तिला.” आणि त्यांनी फोन बंद केला. मग माझ्यापुढे हात जोडले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूनं शेवटी तुम्हाला सांगायचं असतं, की आम्हाला जपा, धूळ पुसा, पाण्यापासून लांब ठेवा. ते जमलं तर कराच. पण वस्तूचं तेवढं काही नाही. मला शेखर अजूनही नव्या चिप बसवू शकेल. कोणावर खोटा आळ आला आणि तो खोटा आहे हे तुम्हाला माहीत असलं, तर देवापुढे, भिंतीपुढे, माझ्यापुढे कबूल करून मन हलकं करून घेऊ नका. ज्याच्यावर आळ आला त्याला सांगा, आणि ज्यांनी आळ घेतला त्यांच्यादेखत सांगा.

आणि काकू, तुम्हाला माझं बोलणं ऐकू येत नाही, तरी सांगतो. मला पुसू नका. हात जोडू नका. पुन्हा फोन लावा, दिव्या उचलेल. तिला म्हणा, “तुझ्या ताईला सांग, झाकण मी उघडलं व्हतं.” मग आबांना हाक मारा आणि त्यांच्यासमोर हेच पुन्हा एकदा म्हणा.